मागच्या ट्रॉलीपासून सुरुवात

गाडीची ओढ वाढवायची म्हटलं की आपल्याकडे सगळ्यात आधी बॉनेट उघडतं. पंप थोडा वाढव, नोझल बदलून दे, जमलं तर टर्बो बसव. टेंभुर्णी, अकलूज, मोहोळ, मंगळवेढा, कुठल्याही गॅरेजात ऑक्टोबरच्या तोंडावर गेलं तरी हीच बोलणी कानावर पडतात. मिस्त्रीही नाही म्हणत नाही, कारण काम थोडक्यात उरकतं आणि फरक लगेच जाणवतो. या पुस्तकात मात्र इंजिनाचं प्रकरण शेवटून दुसरं आहे. पहिलं प्रकरण मागच्या ट्रॉलीच्या धुऱ्यावर आणि हबावर, दुसरं हुक, पिन आणि साखळीवर, तिसरं ब्रेकवर, चौथं टायरवर. पुस्तक चाळताना वाचकाला हा क्रम उलटा वाटणार. तो तसा का लावला हे नीट सांगायचं होतं, म्हणून ही प्रस्तावना नेहमीपेक्षा लांबली आहे.

जड ट्रेलर ओढण्यासाठी गाडी तयार करणं हा अमेरिकेत डिझेल पिकअपचा विषय आहे. तिथे १९८९ साली डॉज रॅम पिकअपमध्ये कमिन्सचं ५.९ लिटरचं, सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन बसलं. घोड्यांचे ट्रेलर, बोटी, शेतीची यंत्रं ओढण्यासाठी अशा पिकअप तिथे हौसेने आणि भरपूर खर्च करून तयार केल्या जातात. कमिन्स हे नाव आपल्याला परकं नाही. किर्लोस्कर कमिन्स ही कंपनी १९६२ साली पुण्यात उभी राहिली. पण आपल्या पिकअपचं काम वेगळं आहे. बोलेरो पिकअप, टाटा योद्धा, अशोक लेलँडची दोस्त या गाड्या ओझं पाठीवर घेतात. डाळिंबाचे क्रेट, कांद्याच्या गोण्या, जनावरं, सिमेंट. ओढण्याचं काम सोलापूर जिल्ह्यात ट्रॅक्टर करतो, आणि भरल्या उसाच्या दोन ट्रॉल्या म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात दांडग्या पिकअपच्याही कुवतीबाहेरचं ओझं आहे. म्हणून या पुस्तकाचा मोठा भाग ट्रॅक्टर आणि ट्रॉल्यांना दिला आहे. पिकअपसाठी शेवटचं एक प्रकरण आहे.

हे ओझं इथे आलं कसं, ते थोडक्यात सांगतो. नीरा उजव्या कालव्याचं पाणी माळशिरस तालुक्यात खेळलं आणि १९३०च्या दशकात माळीनगर आणि श्रीपूरला साखर कारखाने उभे राहिले. पुढे सहकाराचा काळ आला. भीमेवर उजनीचं धरण १९८०च्या सुमारास पुरं झालं आणि माढा, मोहोळ, पंढरपूर, मंगळवेढा या ज्वारीच्या पट्ट्यात ऊस शिरला. आज राज्यात साखर कारखान्यांच्या संख्येत सोलापूर जिल्हा अगदी वरच्या ओळीत आहे. दिवाळीच्या मागेपुढे गळीत सुरू होतं. त्यानंतरचे चार-पाच महिने या जिल्ह्यातला प्रत्येक रस्ता, पुणे-हैदराबाद महामार्ग असो, पालखी मार्ग असो की वाडीवस्तीची पाणंद, उसाच्या वाहनांचा असतो.

या वाहतुकीला उसंत नसते. ऊस तुटला की त्याचं वजन घटायला लागतं आणि साखर उतरायला लागते. चोवीस तासांच्या आत तो कारखान्याच्या गव्हाणीत पडावा, हा जुना दंडक आहे. तोडणीची टोळी ऊस तोडते, मोळ्या बांधते, कारखान्याचा चिटबॉय चिठ्ठी देतो, मग ट्रॉली भरते. जवळच्या फडातला ऊस बैलगाडीने जातो, थोड्या लांबचा छोट्या ट्रॅक्टरमागच्या गाडीने, म्हणजे अंगदने, त्याहून लांबचा ट्रॅक्टरमागच्या दोन ट्रॉल्यांतून किंवा ट्रकने. वाहतुकीचा पैसा टनावर आणि अंतरावर मिळतो. खेप जितकी जड आणि जितकी लवकर परत, तितका हप्ता फिटतो. ट्रॅक्टरच्या मालकाने टोळीच्या मुकादमाला उचल दिलेली असते, बँकेचं कर्ज असतं, हंगाम मोजक्या महिन्यांचा असतो. या माणसाला ‘कमी भर’ म्हणून सांगणं सोपं आहे, पण त्याचा हिशेब समजून न घेता सांगितलेलं कुणी ऐकत नाही. तेव्हा आधी ओझ्याचाच हिशेब मांडू.

पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर घ्या. त्याचं स्वतःचं वजन सव्वादोन-अडीच टन. दोन रिकाम्या ट्रॉल्या मिळून पाच टन धरा, आणि दोन्हींत मिळून वीस टन ऊस. सगळं मिळून सत्तावीस टनांच्या घरात. सपाट डांबरी रस्त्यावर चाकं नुसती फिरती ठेवायला टनामागे पंधरा-वीस किलोची ओढ लागते, म्हणजे एकूण पाचशे किलोच्या आसपास. पन्नासातली चाळीस अश्वशक्ती जरी चाकांपर्यंत पोचली, तरी ताशी १५ किलोमीटरला सातशे किलोच्या वर ओढ मिळते. सपाटीवर गाडी आरामात चालते. आता चढ घ्या. शंभर मीटरला एक मीटर चढ असेल तर टनामागे दहा किलोची भर पडते, हे कुठल्याही गाडीला लागू आहे. शंभराला तीन मीटरचा चढ, म्हणजे एखाद्या उड्डाणपुलाचा किंवा ओढ्यातून वर येणाऱ्या रस्त्याचा, लागला की आठशे किलो वाढले. एकूण तेराशेच्या पुढे. इंजिन म्हणतं, मी हे करेन, फक्त ताशी आठ किलोमीटरने करेन. खालचा गिअर टाका आणि चला.

अडचण पुढेच आहे. ही ओढ रस्त्याला लागते ती मागच्या दोन चाकांतून. त्या चाकांवर ट्रॅक्टरचं दीड-पावणेदोन टन वजन असतं आणि कोरड्या डांबरावर टायर आपल्यावरच्या वजनाच्या जेमतेम पाऊण हिश्शाइतकीच पकड देतो. हिशेब सव्वा टनाच्या आसपासच संपतो. म्हणजे त्या चढावर इंजिनाची ताकद उरते, पण टायर जागेवर घसरतो. गाडी ज्या चढाला अडते, त्या चढाला पंप वाढवून टायर फक्त जास्त लवकर घासतात. अनुभवी ड्रायव्हर हे हाताने जाणतो. म्हणून तो मागच्या टायरांत पाणी भरतो, पुढची चाकं उचलू नयेत म्हणून पुढे लोखंडी वजनं लावतो, आणि काळ्या रानातून ट्रॉल्या एकेक करून रस्त्यावर काढतो. भुसभुशीत रानात टनामागे शंभर किलोची ओढ सहज लागते. तिथे एका भरल्या ट्रॉलीलाही दोन ट्रॅक्टर जुंपावे लागतात. इतकं ज्याला उमगलेलं आहे, तोच माणूस रस्त्यावर आल्यावर इंजिनाच्या मागे लागतो, हे मला नेहमी कोड्यासारखं वाटत आलं आहे.

याच पकडीच्या हिशेबाची दुसरी बाजू जास्त गंभीर आहे आणि पुस्तकाचा क्रम तिच्यावरून ठरला. आपल्या बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक असतो तो फक्त मागच्या दोन चाकांना. ट्रॉल्यांना बहुतेक वेळा ब्रेक नसतोच. जी दोन चाकं ओढतात, तीच दोन चाकं सत्तावीस टन थांबवतात, आणि त्यांची पकड ब्रेक दाबताना वाढत नाही, उलट वजन पुढे झुकल्यामुळे घटते. ब्रेकचा एक टन आणि चाकं फिरताना लागणारे मघाचे पाचशे किलो, असा मिळून रोध धरला तर ताशी ३० किलोमीटरवरून सपाटीला थांबायला साधारण साठ मीटर लागतात. त्यात ड्रायव्हरच्या लक्षात येण्याचा वेळ धरलेला नाही. चारही चाकांना चांगले ब्रेक असलेली गाडी त्याच वेगावरून सात-आठ मीटरांत थांबते. मघाच्या तीन टक्क्यांच्या उतारावर हेच साठ मीटर सव्वाशेच्या पुढे जातात. आणि वेग ३० ऐवजी ४० केला तर अंतर पावणेदोनपट होतं, कारण थांबण्याचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. हे आकडे कागदावरचे आहेत, रस्त्यावर टायर झिजलेला असेल, चिखल असेल, पहाटेचं दव असेल तर ते आणखी वाईट होतात.

आता यात पंप वाढवून काय होतं ते बघा. चढावर फारसं काही नाही. सपाटीवर मात्र जी गाडी २० ने चालायची ती ३५ ने चालते. इंजिनावर केलेला खर्च असा थेट वेगात जातो, आणि थांबण्याचं अंतर तिपटीने वाढतं. खेपा वाढतात हे खरं आहे. पण ट्रॅक्टरच्या पुढे अचानक थांबलेली एसटी, शाळेतून सायकलवर निघालेली मुलं, पंढरीच्या वाटेवरची दिंडी यांच्यासाठी ते वाढीव अंतर रस्त्यावर शिल्लक नसतं.

युरोपात साडेसातशे किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचा ब्रेक असणं सक्तीचं आहे. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत ही मर्यादा तीन हजार पौंडांच्या, म्हणजे साडेतेराशे किलोंच्या आसपास आहे. तिथे पिकअपवाला ट्रेलर घेतो तेव्हा ब्रेकची वायर आणि गाडीत बसवायचा नियंत्रक आधी घेतो. गाडी किती ओढू शकते हे ठरवायची तिथली जी कसोटी आहे, तिच्यात अ‍ॅरिझोनामधल्या डेव्हिस धरणाजवळचा ११.४ मैलांचा चढ भर उन्हाळ्यात, ठरावीक वेगाच्या खाली न येता चढावा लागतो. पण त्याच कसोटीत थांबणं आणि डगमगणंही तपासतात. आपल्याकडे दहा-बारा टनांची ट्रॉली ब्रेकशिवाय चालते. हवेचा ब्रेक बसवणं अवघड नाही. ट्रॅक्टरच्या इंजिनावर पट्ट्याने फिरणारा छोटा कॉम्प्रेसर, हवेची टाकी, नळ्या, आणि ट्रॉलीच्या धुऱ्यावर ट्रकसारखे ड्रम. ट्रकच्या ब्रेकचं काम जाणणारे मिस्त्री सोलापुरात भरपूर आहेत. दोन्ही ट्रॉल्यांना मिळून जो खर्च येतो त्यात चांगला टर्बो येऊ शकतो, हे मान्य. तिसऱ्या प्रकरणात हा खर्च टर्बोच्या आधी का करावा हे तपशिलाने आलं आहे, आणि कोणते सुटे भाग जुन्या ट्रकचे घेतले तरी चालतात आणि कोणते मुळीच घेऊ नयेत, हेही.

दोन गोष्टी मात्र फुकट आहेत, त्या इथेच सांगतो. ट्रॅक्टरच्या ब्रेकची डावी आणि उजवी पेडलं वेगळी असतात, शेतात वळताना एकच दाबता यावं म्हणून. रस्त्यावर ती दोन्ही जोडणारी पट्टी अडकवलीच पाहिजे. एकाच बाजूला ब्रेक लागला आणि मागे वीस टन असले, तर ट्रॅक्टर आडवा होतो आणि ट्रॉली त्याला ढकलत नेते. तसंच उताराला डिझेल वाचवायला गिअर काढून गाडी सोडणं टाळावं. त्या वेळी इंजिनाचा रोध जातो आणि सगळा भार मागच्या दोन ब्रेकांवर येतो. या दोन सवयी बदलायला मिस्त्री लागत नाही.

पिनेच्या प्रकरणाबद्दल थोडं. ट्रॅक्टर आणि पहिली ट्रॉली, पहिली आणि दुसरी ट्रॉली, या सगळ्या जोडांत बोटभर-दोन बोटं जाडीच्या लोखंडी पिना असतात. त्या झिजतात, भोकं लांबट होतात, मग प्रत्येक धक्क्याला ट्रॉली मागेपुढे आपटते आणि झीज आणखी वाढते. पिन सुटली तर ट्रॉली धरून ठेवणाऱ्या साखळ्या आडव्या फुलीत बांधलेल्या असाव्यात, म्हणजे पुढचा दांडा जमिनीत न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडतो. मागची ट्रॉली डुलते, त्यामागे बहुतेक वेळा हीच ढिली पिन आणि मोळ्यांची चुकीची मांडणी असते. दोन चाकी ट्रेलर असेल तर त्याच्या वजनाचा दहावा ते सातवा हिस्सा पुढच्या दांड्यावर यायला हवा. मागे जास्त भरलं तर तो दांडा वर उचलतो, गाडीची मागची चाकं हलकी होतात, आणि वेग वाढला की शेपूट हलायला लागते. पिकअपमागे छोटा ट्रेलर जोडणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा.

इंजिनाच्या प्रकरणात मी काही लपवलेलं नाही. पन्नास अश्वशक्तीच्या खालच्या बहुतेक ट्रॅक्टरांत साधा यांत्रिक पंप असतो, म्हणून त्याच्याशी खेळणं सोपं. त्याहून मोठ्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम लागू झाले आणि इंजिनं संगणकाच्या हाती गेली. पिकअपना असे कडक नियम एप्रिल २०२० पासूनच, बीएस-६ बरोबर, लागू झाले. यांत्रिक पंप वाढवला की डिझेल जास्त जातं, पण हवा तेवढीच राहते. काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेल, पैसे देऊन घेतलेलं. धुराची उष्णता वाढते, पिस्टनचा माथा आणि हेड गॅस्केट आधी जातात. टर्बो बसवला तर हवा मिळते, पण मग रेडिएटर, ऑइल, पंखा हे सगळं त्या मानाने लागतं. गळीत लांबलं तर हे आणखी भोवतं. २०२१-२२च्या हंगामात ऊस इतका होता की राज्यात गाळप जूनपर्यंत चाललं, आणि सोलापूरच्या मे महिन्यात रेडिएटर झाकणारा पाचोळा काढणं हेसुद्धा इंजिनाचं आयुष्य वाढवणारं काम आहे. क्लच हा या सगळ्यातला फ्यूज आहे. तो वारंवार जळत असेल तर दणकट प्लेट टाकण्याआधी ओझं मोजावं, कारण क्लच जळणं थांबलं की पुढचा तुटणारा भाग गिअरबॉक्सात असतो.

पिकअपवाल्यांचा सगळ्यात आवडता बदल म्हणजे पाटा वाढवणं. मागच्या कमानीला दोन पाटे जास्त टाकले की गाडी बसत नाही, आणि गाडी बसली नाही म्हणजे ती वजन पेलते असं वाटतं. पेलतो तो पाटा. धुरा, हबाची बेअरिंगं, टायर, ब्रेकचे ड्रम तेच राहतात आणि ते आता किती ओझ्याखाली आहेत हे गाडीच्या उंचीवरून दिसेनासं होतं. सोलापूर बाजार समितीत कांद्याच्या हंगामात रांगेला लागलेल्या पिकअपच्या मागच्या चाकांना हात लावून पाहावा. हब किती तापले आहेत यावरून पाट्याबद्दलचा निर्णय करता येतो.

कायद्याचं स्पष्ट लिहायला हवं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत नोंदीशी विसंगत बदल करायला मनाई करतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. जादा भारासाठी वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक टनाला दोन हजार. विम्याची कंपनी अपघातानंतर पहिल्यांदा हेच कागद मागते. म्हणून या पुस्तकात प्रत्येक बदलापुढे तो करण्याआधी आरटीओकडे विचारणा लागते का, याची खूण केली आहे. ब्रेक, रिफ्लेक्टर, साखळी, दिवे या बाबतीत विचारायला कुणी संकोचू नये; गाडी सुरक्षित करायला आलेल्या माणसाला कार्यालयात ऐकून घेतलं जावं, ही माझी अपेक्षा आहे आणि ती मी अधिकाऱ्यांसमोरही मांडतो.

आणि कारखान्यांसमोर एक मागणी. दर हंगामात पोलीस, आरटीओ आणि कारखाने मिळून ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा घेतात. त्याने रात्रीचे मागून धडकण्याचे अपघात कमी होतात, त्या चालू राहाव्यात. पण ट्रॅक्टर-ट्रॉली रस्त्यावर शेकडो ठिकाणी पांगलेली असते आणि फक्त एका जागी प्रत्येक ट्रॉली न चुकता थांबते, ती जागा म्हणजे कारखान्याचा काटा. तिथे तिचं वजन होतं, चिठ्ठी निघते, पैसे ठरतात. त्याच काट्यावर दोन मिनिटांत पिन, साखळी, मागचा दिवा आणि ब्रेकची नळी पाहता येते. वाहतुकीचा करार करताना ब्रेक असलेल्या ट्रॉलीला टनामागे थोडा जास्त दर द्यावा, आणि ब्रेक बसवायला उचलीतून वेगळी रक्कम द्यावी. ट्रॉलीच्या मालकाने एकट्याने हा खर्च सोसावा आणि त्याचा शेजारी ब्रेकशिवाय जास्त खेपा करत राहावा, असं असेल तर कुठलंही पुस्तक काही बदलू शकत नाही. ज्याचा ऊस वेळेवर गव्हाणीत पोचतो त्या कारखान्याने त्या खर्चाचा वाटा उचलायला हवा, हे मला अगदी न्यायाचं वाटतं.

पुस्तक वापरण्याबद्दल शेवटची सूचना. सुरुवात करायला नवीन काही मोजायची गरज नाही. मागच्या हंगामाच्या काट्याच्या पावत्या काढा. त्यांवर भरलेलं आणि रिकामं वजन दोन्ही असतं. सगळ्यात जड खेप निवडा, तिचा आकडा पहिल्या प्रकरणातल्या तक्त्यात घाला आणि तिथून मागच्या धुऱ्यापासून पुढे या. ही कामं पावसाळ्यात, ट्रॉल्या रिकाम्या उभ्या असताना करायची आहेत. गणपतीपर्यंत हब उघडून ग्रीस भरून झालेले असावेत, दसऱ्यापर्यंत ब्रेक आणि पिना. इंजिनाचं प्रकरण गळीत सुरू झाल्यावर, काट्यावर नंबर लागेपर्यंत वाचलं तरी चालेल.